सलाइन अजून द्यायचं की थांबायचं? बेडसाइड सोनोग्राफीने कसं ठरवायचं, आयसीयूत नवीन असलेल्यांसाठी

बीपी पडलं, युरिन कमी झाली, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) वाढलं की आपला हात आपोआप सलाइनकडे जातो. पाचशे मिली द्या, बघू. अजून पाचशे द्या, बघू. असं करत करत सकाळपर्यंत पेशंट चार लिटर पॉझिटिव्ह झालेला असतो (बाहेर गेलं त्यापेक्षा चार लिटर जास्त आत), ऑक्सिजन वाढवावा लागलेला असतो आणि बीपी मात्र ते वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनच्याच जोरावर टिकून असतं. आयसीयूत नवीन आलेल्या मुलामुलींना प्रोब धरायला लवकर येतं हे मी बघते, पण स्क्रीनवर दिसलेल्या चित्राचं पुढे करायचं काय हे त्यांना कुणी नीट बसून सांगत नाही, म्हणून हा लेख. थोडा लांबेल, पण मशीन शेजारी ठेवून वाचलात तर उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शॉकमधल्या ज्या पेशंटना आपण फ्लुइड देतो त्यातल्या साधारण निम्म्यांचाच स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात हृदय बाहेर टाकतं तेवढं रक्त) त्याने वाढतो, हे वेगवेगळ्या स्टडीजमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. उरलेल्या निम्म्यांना ते पाणी फक्त फुप्फुसात, आतड्यात, किडनीत साचायला मिळतं. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात ताप आणि शॉकची लक्षणं असलेल्या तीन हजारांवर मुलांवर फीस्ट नावाची ट्रायल झाली, त्यात बोलस (थोड्या वेळात भरभर दिलेलं फ्लुइड) मिळालेल्या मुलांमध्ये ४८ तासांतला मृत्यूदर साडेदहा टक्क्यांच्या आसपास होता आणि बोलस न मिळालेल्यांमध्ये ७.३ टक्के. ती परिस्थिती वेगळी होती, बऱ्याच मुलांना मलेरिया होता, व्हेंटिलेटरची सोय नव्हती, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा मोठ्या माणसांच्या आयसीयूत आणता येत नाही, पण फ्लुइड हे औषध आहे आणि त्याचा डोस चुकू शकतो हे त्याने सगळ्यांना दाखवलं. पुढे मोठ्यांमध्ये सेप्टिक शॉकमध्ये कमी फ्लुइड विरुद्ध नेहमीसारखं फ्लुइड असं क्लासिक (२०२२) आणि क्लोव्हर्स (२०२३) या ट्रायल्समध्ये बघितलं, तर मृत्यूदरात फरक पडला नाही. म्हणजे "सगळ्यांना भरपूर द्या" हा नियमही चालत नाही आणि "सगळ्यांना कमी द्या" यानेही जादू होत नाही. समोरच्या पेशंटला या घडीला काय हवंय तेच बघावं लागतं, आणि ते बघायला बेडजवळ प्रोबइतकं चांगलं साधन माझ्या मते दुसरं नाही. सोनोग्राफीने मृत्यूदर कमी होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हेही सांगून ठेवते, कारण प्रोब हातात आला की आपल्याला सगळं दिसतंय असं वाटायला लागतं.

तीन प्रश्न, आणि ते वेगवेगळे ठेवायचे

पहिला प्रश्न, या पेशंटला स्ट्रोक व्हॉल्यूम वाढवायची गरज आहे का? दुसरा, फ्लुइड दिलं तर तो वाढेल का? तिसरा, ते फ्लुइड त्याच्या शरीराला सोसेल का?

नवीन लोक दुसऱ्या प्रश्नातच अडकतात. पेशंट रिस्पॉन्डर (फ्लुइडने ज्याचा स्ट्रोक व्हॉल्यूम वाढतो असा) निघाला की फ्लुइड लावून मोकळे होतात. पण तुम्ही आम्ही धडधाकट माणसं आत्ता टेस्ट केली तर रिस्पॉन्डरच निघू, म्हणून काय आपल्याला कुणी सलाइन लावत नाही. रिस्पॉन्डर असणं म्हणजे फक्त हृदयात जागा आहे, गरज आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. गरज प्रोबने कळतच नाही, ती पेशंटकडे बघूनच कळते: बोटावर दाबून सोडल्यावर रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतोय का, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसतेय का, पेशंट गुंगीत चाललाय का, लॅक्टेट चढतंय का, युरिन होतेय का. हे सगळं ठीक असेल आणि फक्त मॉनिटरवर मीन बीपी ६२ दिसतंय म्हणून तुम्ही प्रोब काढत असाल, तर आधी कफ बरोबर बांधलाय का आणि आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर योग्य उंचीवर आहे का ते बघा.

आणखी एक, पेशंटला डोळ्यांसमोर रक्तस्राव होतोय किंवा जुलाब-उलट्यांनी तो पार कोरडा पडलाय, तर स्कॅनसाठी थांबायचं नाही, रक्त किंवा फ्लुइड सुरू करायचं आणि ते चालू असताना स्कॅन करायचा. सेप्टिक शॉकमध्येही सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये पहिल्या तीन तासांत किमान ३० मिली प्रति किलो क्रिस्टलॉइड (सलाइनसारखं फ्लुइड) सुचवलंय, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. ते सुचवलेलं आहे, बंधनकारक नाही, आणि पहिली बाटली चालू असतानाच प्रोब ठेवला तर कुणाला ते पूर्ण द्यायचं आणि कुणाला आधीच हात आखडायचा हे लवकर कळतं.

मशीनची तयारी

फक्त एकच प्रोब मिळणार असेल तर कार्डिअ‍ॅक म्हणजे फेज्ड अ‍ॅरे घ्या, त्याने हृदय, आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे आणणारी मोठी व्हेन) आणि फुप्फुस तिन्ही निभतं. पोटातल्या व्हेनचे डॉपलर (रक्ताचा वेग आणि दिशा दाखवणारा मोड) करायला कर्व्हिलिनिअर जास्त सोपा. प्रोब आधी पुसून घ्या, झाल्यावर परत पुसा, आयसीयूत एका बेडवरचे जंतू दुसऱ्या बेडवर नेणारा प्रोब आपल्याला नकोय. प्रीसेट बदलायला विसरू नका, कारण कार्डिअ‍ॅक प्रीसेटमध्ये मार्कर स्क्रीनच्या उजवीकडे असतो आणि अ‍ॅब्डोमेनमध्ये डावीकडे, हे लक्षात नसलं की सगळं उलटं दिसतं आणि माणूस गोंधळतो. ईसीजीची लीड मशीनला जोडता आली तर जोडाच, पुढे व्हेनचे डॉपलर वाचताना ती लागते.

पायरी १: हृदय, आधी नुसतं डोळ्यांनी

मोजमाप नंतर. पॅरास्टर्नल लाँग, शॉर्ट, एपिकल फोर चेंबर आणि सबकॉस्टल, यातले जेवढे मिळतील तेवढे व्ह्यू घ्या. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये फुप्फुस फुगून मध्ये येतं आणि पॅरास्टर्नल बऱ्याचदा मिळत नाही, तेव्हा सबकॉस्टल हमखास कामी येतो.

बघायचं काय? हृदयाभोवती पाणी आहे का. डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा, रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) चांगलं आकुंचन पावतंय का की मलूल आहे. उजवं व्हेंट्रिकल मोठं आहे का. एखादी व्हॉल्व्ह उघडउघड बिघडलेली दिसतेय का. एवढंच, पण एवढ्यानेच अर्ध्या पेशंटमध्ये दिशा ठरते.

उजव्या व्हेंट्रिकलवर जरा जास्त वेळ घालवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण सगळे डाव्याकडेच बघतात. एपिकल फोर चेंबरमध्ये उजवं नेहमी डाव्यापेक्षा लहान असतं, साधारण दोन तृतीयांशापर्यंत. ते डाव्याइतकं किंवा त्याहून मोठं दिसलं आणि शॉर्ट अ‍ॅक्सिसमध्ये मधला पडदा डावीकडे ढकलला जाऊन डावं व्हेंट्रिकल इंग्रजी डी अक्षरासारखं दिसायला लागलं, तर फ्लुइड देऊन तुम्ही तो पडदा अजून ढकलणार, डावं अजून कमी भरणार आणि बीपी अजून पडणार. तिथे कारण शोधायचं, पल्मनरी एम्बोलिझम आहे का, व्हेंटिलेटरचं प्रेशर जास्त आहे का, आणि प्रेसर (बीपी वाढवणारं औषध) लवकर सुरू करायचा.

डावं व्हेंट्रिकल जोरात चाललंय आणि सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) त्याच्या भिंती एकमेकींना टेकतायत, हे दिसलं की सगळे "कोरडा आहे, भरा" म्हणतात. बऱ्याचदा ते खरं असतं, पण सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळेही अगदी हेच चित्र दिसतं आणि तिथे नॉरअ‍ॅड्रिनलिन जास्त उपयोगी पडतं. डायस्टोलच्या (हृदय सैल होऊन भरतं त्या वेळेच्या) शेवटीही व्हेंट्रिकल लहानच असेल तर कोरडेपणाकडे झुका, डायस्टोलमध्ये नीट भरत असेल आणि फक्त सिस्टोलमध्ये रिकामं होत असेल तर सैल रक्तवाहिन्यांचा संशय घ्या.

हृदयाभोवती पाणी आणि उजव्या बाजूचे कप्पे आत दबले जातायत, म्हणजे टॅम्पोनाड. थोडं फ्लुइड वेळ मारून न्यायला चालेल, पण उपचार म्हणजे ते पाणी काढणं. ताबडतोब सीनिअरला फोन.

पायरी २: फुप्फुस

फुप्फुस शिकायला सगळ्यात सोपं आणि इथे मिळणारी माहिती सोन्यासारखी. दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार जागा बघा: पुढे वर, पुढे खाली, काखेत, आणि मागे खाली डायफ्रामजवळ. प्रोब उभा, मार्कर डोक्याकडे, दोन बरगड्यांच्या मध्ये प्लुराची (फुप्फुसावरच्या आवरणाची) चमकदार रेघ शोधा.

त्या रेघेखाली ठरावीक अंतरावर आडव्या रेघा दिसल्या तर त्या ए-लाइन्स, म्हणजे तिथे हवा भरलेलं, कोरडं फुप्फुस. प्लुरापासून निघून सर्चलाइटच्या झोतासारख्या स्क्रीनच्या तळापर्यंत जाणाऱ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या उभ्या रेघा म्हणजे बी-लाइन्स. एका फटीत एक-दोन असणं चालतं, तीन किंवा जास्त असतील तर तिथे पाणी किंवा सूज आहे. डेप्थ पुरेशी ठेवा, नाहीतर रेघ तळापर्यंत जातेय की मध्येच विरतेय ते कळत नाही.

आता महत्त्वाचं. बी-लाइन्स दिसल्या म्हणजे हृदयामुळेच पाणी झालंय असं नाही. न्यूमोनिया आणि एआरडीएसमध्येही (दोन्ही फुप्फुसांना येणारी गंभीर सूज) त्या दिसतात. दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या, प्लुरा गुळगुळीत, तर हृदयाकडे बोट जातं, आणि कुठे आहेत कुठे नाहीत, मध्येच चांगला भाग सुटलाय, प्लुरा खडबडीत, छोटे काळे तुकडे, तर एआरडीएस किंवा इन्फेक्शन. पण फ्लुइडपुरतं बोलायचं तर कारण काहीही असो, असं फुप्फुस जास्तीचं पाणी सहन करत नाही. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे बदल: फ्लुइड सुरू करण्याआधी ज्या जागी ए-लाइन्स होत्या तिथे लिटरभरानंतर बी-लाइन्स आल्या, तर ऑक्सिजन पडायची वाट न बघता थांबायचं. लिश्टेनश्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी मांडलेला फॉल्स प्रोटोकॉल याच कल्पनेवर उभा आहे. म्हणून पहिला स्कॅन फ्लुइडच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला झाला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार?

पायरी ३: आयव्हीसी, पण जपून

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. मी मुद्दाम तिसऱ्या नंबरवर ठेवलंय. मिळायला सोपी, मोजायला सोपी, आणि म्हणूनच फसवणारी.

सबकॉस्टल घ्या, उजवं एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) मध्ये आणा आणि प्रोब उभा फिरवा, लिव्हरमधून येऊन एट्रियममध्ये उघडणारी नळी दिसेल. ती एट्रियममध्ये उघडताना दिसलीच पाहिजे, कारण शेजारी एओर्टा असते आणि घाईत तिलाच आयव्हीसी समजून मोजलं जातं. एओर्टाची भिंत जाड, ठोक्याबरोबर उडणारी, आणि ती हृदयात शिरताना दिसत नाही. हेपॅटिक व्हेन जिथे येऊन मिळते त्याच्या थोडं खाली, एट्रियमपासून सुमारे दोन सेंमीवर मोजा. आडवा कटही बघा, कारण श्वासाबरोबर नळी प्रोबखालून सरकते आणि नळीचा कडेचा भाग कापला गेला की ती खोटीच बारीक दिसते.

स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये २.१ सेंमीपेक्षा कमी आणि हुंगल्यावर निम्म्याहून जास्त दबते, तर उजव्या एट्रियमचं प्रेशर कमी. २.१ पेक्षा जास्त आणि दबत नाही, तर प्रेशर जास्त. हे प्रेशरचं सांगतं, रिस्पॉन्डरचं नाही. पूर्ण व्हेंटिलेटरवर, स्वतःचा अजिबात श्वास नसलेल्या आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) किलोमागे ८ मिली किंवा जास्त असलेल्या पेशंटमध्ये श्वासागणिक आयव्हीसी १८ टक्क्यांहून जास्त फुगली तर रिस्पॉन्डर असण्याची शक्यता जास्त, असं २००४ च्या सुमाराच्या फ्रेंच स्टडीजमध्ये दिसलं, पण आता आपण ६ मिलीवर व्हेंटिलेट करतो आणि बरेच पेशंट स्वतःही श्वास ओढत असतात, त्यामुळे ही अट पूर्ण होणारे पेशंट फार थोडे सापडतात.

फसवणूक कुठे होते? पेशंट दम लागून जोरात श्वास ओढतोय, आयव्हीसी पार दबते, आणि तो कोरडा नसतोही. पोटातलं प्रेशर वाढलंय, आयव्हीसी चिपटलेली. पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात टिकवून ठेवतो ते प्रेशर) जास्त आहे, आयव्हीसी फुगलेली. उजवं व्हेंट्रिकल बिघडलंय, आयव्हीसी कायमच फुगलेली. माझा नियम असा की फक्त टोकाच्या आयव्हीसीवर विश्वास ठेवायचा, एकदम बारीक रिकामी किंवा एकदम फुगलेली न हलणारी, आणि तीही पहिल्या दोन पायऱ्यांशी जुळत असेल तरच. मधल्या आयव्हीसीवरून काहीच ठरवायचं नाही.

पायरी ४: व्हीटीआय आणि पाय वर करायची टेस्ट

इथे खरी मेहनत आहे, आणि एकदा हे जमलं की तुम्ही अंदाजपंचे फ्लुइड देणं सोडून द्याल.

व्हीटीआय म्हणजे एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ डाव्या व्हेंट्रिकलच्या बाहेरच्या वाटेतून किती सेंटिमीटर पुढे सरकला. त्याला त्या वाटेच्या क्षेत्रफळाने गुणलं की स्ट्रोक व्हॉल्यूम. समजा वाटेचा व्यास २ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४, आणि व्हीटीआय १४, तर एका ठोक्याला ४४ मिली. पण व्यास मोजताना झालेली छोटी चूक वर्गात वाढते, आणि आपल्याला तर आधी आणि नंतर एवढीच तुलना हवी, तेवढ्यात व्यास काही बदलत नाही. म्हणून व्यास सोडून द्या, फक्त व्हीटीआय बघा. साधारण १८ ते २२ सेंमी नॉर्मल. १५ च्या खाली असेल तर स्ट्रोक व्हॉल्यूम कमी आहे असं धरून कारण शोधायला लागा.

एपिकल फोर चेंबर घ्या, प्रोब किंचित वरच्या दिशेला कलता करा म्हणजे एओर्टाची वाट उघडते, हा फाइव्ह चेंबर. पल्स्ड वेव्ह डॉपलरचा गेट एओर्टिक व्हॉल्व्हच्या अर्धा सेंमी अलीकडे, व्हेंट्रिकलच्या बाजूला ठेवा. डॉपलरची रेघ रक्ताच्या दिशेला शक्य तितकी समांतर, २० अंशांपेक्षा जास्त तिरकी नको. चांगला सिग्नल म्हणजे खाली जाणारा, आतून पोकळ, कडा स्पष्ट असलेला आकार आणि शेवटी व्हॉल्व्ह बंद झाल्याची बारीक उभी रेघ. मग त्याची कड ट्रेस करा. ताल नियमित असेल तर तीन ते पाच ठोक्यांची सरासरी, एट्रियल फिब्रिलेशन असेल तर निदान पाच ते दहा ठोके, आणि तरीही तिथे छोट्या फरकावर भरवसा ठेवू नका.

आता पीएलआर, म्हणजे पाय वर करून बघायची टेस्ट. पायातलं आणि पोटातलं सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं, म्हणजे फुकटचा बोलस, आणि पाय खाली केले की तो परतही जातो. करायची पद्धत नीट पाळा, कारण बहुतेक ठिकाणी ती चुकीची होते. पेशंट आधी ४५ अंशांत बसता, सपाट झोपलेला नाही. या अवस्थेत व्हीटीआय घ्या. मग हाताने पाय उचलायचे नाहीत, बेडच्या बटणाने अख्खा बेड फिरवायचा, डोकं खाली सपाट आणि पाय ४५ अंश वर. हाताने उचललं की पेशंटला दुखतं, तो खोकतो, हार्ट रेट वाढतो आणि मग आकडा कशामुळे बदलला तेच कळत नाही. आधी सक्शन करून घ्या. बदल पहिल्या मिनिट-दीड मिनिटातच दिसतो आणि मग ओसरतो, म्हणून प्रोब छातीवरून उचलायचा नाही, बेड दुसऱ्या कुणीतरी फिरवायचा. व्हीटीआय १० ते १२ टक्के किंवा जास्त वाढला तर रिस्पॉन्डर. शेवटी परत बसतं करून व्हीटीआय मूळ आकड्यावर आला का ते बघा, नाही आला तर टेस्ट धरू नका. १४ चा १७ झाला तर २१ टक्के वाढ, स्पष्ट होकार. १४ चा साडेचौदा झाला तर चार टक्केसुद्धा नाही, आणि एवढी चूक तर आपल्या हातानेच होते.

बीपी वाढलं का यावरून पीएलआर वाचू नका, बीपी न हलता स्ट्रोक व्हॉल्यूम वाढलेला असू शकतो. डोक्यातलं प्रेशर वाढलेल्या पेशंटमध्ये ही टेस्ट करायची नाही. पोटातलं प्रेशर जास्त असेल किंवा पाय कापलेले असतील तर नकारार्थी निकालावर विसंबायचं नाही. पेल्व्हिस किंवा मांडीचं फ्रॅक्चर असेल तर अर्थातच नाही. अशा वेळी १०० मिली एका मिनिटात देऊन व्हीटीआय बघता येतो, १० टक्क्यांच्या आसपास वाढला तर उरलेलं द्या, नाही वाढला तर नुकसान फक्त १०० मिलीचं.

पायरी ५: मागे तुंबलंय का

फुप्फुस कोरडं असूनही किडनी आणि लिव्हर तुंबलेले असू शकतात, कारण उजव्या बाजूचं प्रेशर मागे त्यांच्यावर येतं. यासाठी व्हेक्सस नावाची पद्धत २०२० मध्ये हार्ट सर्जरीच्या पेशंटवरून मांडली गेली. आयव्हीसी २ सेंमीपेक्षा कमी असेल तर पुढे जायची गरज नाही. जास्त असेल तर तीन व्हेनचे डॉपलर: हेपॅटिक (लिव्हरमधून बाहेर पडणारी), पोर्टल (आतड्यांकडून लिव्हरमध्ये येणारी) आणि किडनीच्या आतल्या.

नवीन असाल तर पोर्टलपासून सुरू करा. उजव्या बरगड्यांमधून लिव्हरमध्ये प्रोब रोखला की ती सहज मिळते. नॉर्मल पोर्टलचा फ्लो जवळजवळ सलग असतो, तुंबल्यावर तो ठोक्याठोक्याला वरखाली होतो. सगळ्यात जास्त वेगातून सगळ्यात कमी वेग वजा करा, जास्त वेगाने भागा. ३० टक्क्यांच्या आत ठीक, ३० ते ५० मध्यम, ५० किंवा जास्त म्हणजे चांगलंच तुंबलंय. हेपॅटिकमध्ये सिस्टोलची लाट डायस्टोलपेक्षा मोठी असते. ती लहान झाली तर मध्यम, उलट्या दिशेला गेली तर गंभीर. किडनीतला फ्लो सलग असतो. तो दोन तुकड्यांत झाला तर मध्यम, फक्त डायस्टोलमध्ये उरला तर गंभीर. किडनीचा सिग्नल श्वासाबरोबर सारखा सुटतो, नाही मिळाला तर हताश होऊ नका, पोर्टल आणि हेपॅटिकवरही बरंच कळतं. आयव्हीसी मोठी आणि दोन किंवा तीन व्हेन गंभीर, म्हणजे ग्रेड ३, आणि मूळ स्टडीत अशाच पेशंटमध्ये पुढे किडनी बिघडण्याचा धोका सगळ्यात जास्त दिसला. ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह जास्त गळत असेल तर हेपॅटिक आधीपासूनच बिघडलेली असते, सिर्‍होसिसमध्ये पोर्टल भरवशाची नाही, आणि बारीक अंगाच्या निरोगी माणसातही पोर्टल वरखाली होऊ शकते. एकटी व्हेन बघून निकाल देऊ नका.

सगळं एकत्र कसं वापरायचं

एक कल्पित पेशंट घेऊ. साठीतले काका, उजव्या बाजूचा न्यूमोनिया, सेप्टिक शॉक, व्हेंटिलेटरवर, दोन लिटर जाऊन झालेत, नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू. बोटाचा रंग परत यायला पाच सेकंद, म्हणजे गरज आहे. हृदय: डावं चांगलं चाललंय, उजवं लहान, पाणी नाही. फुप्फुस: उजवीकडे खाली कन्सॉलिडेशन (हवेऐवजी घट्ट झालेला भाग), डावीकडे सगळीकडे ए-लाइन्स. आयव्हीसी १.६, मधली, सोडून द्या. व्हीटीआय १५, पाय वर केल्यावर १८, २० टक्के वाढ. गरज आहे, वाढतोय, सोसेल. २५० मिली द्या, आणि लगेच परत बघा. व्हीटीआय साडेसतरा, बोट तीन सेकंदांवर. छान.

सहा तासांनी परत बीपी पडतं. व्हीटीआय १९, पाय वर केल्यावर साडेएकोणीस, आणि डावीकडे पुढे जिथे ए-लाइन्स होत्या तिथे आता तीन-चार बी-लाइन्स. आता कुणी कितीही म्हटलं तरी फ्लुइड नाही. स्ट्रोक व्हॉल्यूम चांगला आहे, रक्तवाहिन्या सैल आहेत, नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढवा, व्हॅसोप्रेसिनचा विचार करा, अँटिबायोटिक बरोबर आहे का आणि कुठे पू साचलाय का ते शोधा. आणि डावं व्हेंट्रिकल परत बघा, सेप्सिसमध्ये ते पहिल्या एक-दोन दिवसांत मलूल पडू शकतं, सकाळी चांगलं होतं म्हणून रात्री असेलच असं नाही.

तिसऱ्या दिवशी नॉरअ‍ॅड्रिनलिन उतरलंय, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढतंय आणि बॅलन्स सहा लिटर पॉझिटिव्ह. इथे सवयीने "किडनीला पाणी कमी पडतंय" म्हणून बोलस दिला जातो. त्याऐवजी प्रोब ठेवा. आयव्हीसी २.४ फुगलेली, पोर्टल ६० टक्के, हेपॅटिक उलटी. ही किडनी तुंबलेली आहे, तिला पाणी काढून हवंय. डाययुरेटिक सुरू करा, रोज पोर्टल बघा, व्हीटीआयही बघा म्हणजे जास्त काढलं जात नाही ना ते कळेल. मला विचाराल तर प्रोबचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे, फ्लुइड सुरू करायला आपल्याला फार पुरावा लागत नाही, थांबायला आणि काढायला मात्र धीर लागतो आणि तो धीर या चित्रांमधून येतो.

शिकायचं कसं आणि लिहायचं काय

आधी फुप्फुस आणि हृदय डोळ्यांनी, ते हातात बसल्यावर व्हीटीआय, व्हेक्सस सगळ्यात शेवटी. स्टेबल पेशंटवर सराव करा, शॉकमधल्या पेशंटवर पहिल्यांदा व्हीटीआय शोधत बसू नका. सुरुवातीला प्रत्येक क्लिप सेव्ह करून ज्याला ईको चांगलं येतं त्याला दाखवा, आणि त्याने काढलेला व्हीटीआय तुमच्याशी जुळतो का ते ताडून बघा. व्ह्यू मिळाला नाही तर "मिळाला नाही" असंच लिहा, अंधुक चित्रावरून "एलव्ही चांगलं" असं लिहिलं की पुढची शिफ्ट त्यावरच निर्णय घेते.

नोटमध्ये वेळ लिहा, व्हेंटिलेटरचं पीप आणि टायडल व्हॉल्यूम लिहा, नॉरअ‍ॅड्रिनलिनचा डोस लिहा, व्हीटीआय आधीचा आणि पाय वर केल्यानंतरचा, आठही जागी ए की बी, आणि शेवटी निर्णय काय घेतला व परत कधी बघायचं ते. प्रोब कुठे ठेवला होता तिथे पेनाने छोटी खूण करून ठेवा, पुढच्या वेळी तीच खिडकी सापडते आणि दोन शिफ्टमधले आकडे एकमेकांशी ताडता येतात.